दोन्ही डगरींवर पाय ठेवणारं बाइंडिंग : घेण्याआधी हे वाचा

गुलमर्गहून परत आलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर जाऊन स्कीवरून खाली यायला मजा आली, पण शेजारच्या धारेवर काही जण स्की पायात घालूनच चढत होते, तर दोन्हीला चालेल असं काही मिळतं का? मिळतं. त्याला हायब्रिड बाइंडिंग म्हणतात. ते भाड्याने देण्याआधी किंवा तुमच्या स्कीवर बसवण्याआधी आम्ही पुण्यात आमच्याकडे जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून काढलं आहे. तोंडी सांगितलेलं श्रीनगरचं विमान उतरेपर्यंत टिकत नाही, असा अनुभव आहे.

मुळात अडचण काय आहे

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. उतरताना त्याने बूट पुढून आणि मागून घट्ट धरायचा, आणि पडलात तर नडगीचं हाड मोडण्याआधी सोडून द्यायचा. चढताना मात्र टाच मोकळी हवी. टाच जमिनीला खिळवून राजगड चढून बघा, म्हणजे लक्षात येईल. शिवाय चढताना वजन कमी हवं. 500 मीटर उंची चढायची आणि दर पावलाला 12 ते 15 सेंटिमीटर वर गेलात, तरी तीन-चार हजार पावलं होतात. पायातले दोनशे ग्रॅम तितक्या वेळा उचलायचे आहेत.

यावर पहिला तोडगा होता फ्रेम बाइंडिंगचा. उताराचं नेहमीचं बाइंडिंग एका पट्टीवर बसवायचं आणि चढताना अख्खी पट्टी टाचेबरोबर उचलायची. मजबूत, पण प्रत्येक पावलाला लोखंड उचलण्याचा प्रकार. दुसरा तोडगा ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी 1980 च्या दशकात काढला. बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी धातूची भोकं आणि त्यांत शिरणाऱ्या दोन पिना. याला आज सगळे पिन बाइंडिंग म्हणतात. वजन इतकं उतरलं की आज तीनशे ग्रॅमच्या आसपासची बाइंडिंगं सहज मिळतात. पण कडक, बर्फाळ, दाबून सपाट केलेल्या उतारावर वेगात आलात, की पिनांची पकड ताठ लागते. पुढच्या बाजूला धक्का सोसून परत जागेवर येण्याइतकी लवचीकता त्यांच्यात कमी असते.

हायब्रिडने या दोन्हींतलं एकेक उचललं. चढताना पिना, उतरताना नेहमीचा जबडा.

बाजारात काय आहे

सॉलोमन आणि ॲटॉमिक यांचं शिफ्ट 2018 मध्ये आलं आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचला. पुढचा जबडा पंखांसारखा उघडतो आणि आतून पिना बाहेर येतात. एका पायाचं वजन नऊशे ग्रॅमच्या आत. मार्करच्या ड्यूक पीटीमध्ये पुढचा जबडा उघडून ठेवता येतो किंवा पूर्ण काढून पाठपिशवीत टाकता येतो. जबड्यासकट ते सुमारे 1350 ग्रॅम भरतं, काढल्यावर सुमारे 1050. कास्ट नावाच्या अमेरिकन पद्धतीत पुढचा भागच बदलतात : चढायला पिनांचा, उतरायला लुक कंपनीच्या पिव्हट या उताराच्या बाइंडिंगचा. उडी मारणाऱ्या, जोरात उतरणाऱ्या लोकांचं ते आवडतं आहे, पण बोचरा वारा सुटलेला असताना हातमोजे काढून सुटे भाग सांभाळायची तयारी हवी.

मार्करचं किंगपिन आणि फ्रिट्शीचं टेक्टॉन यांनाही दुकानदार हायब्रिड म्हणतात. त्यांची टाच उताराच्या बाइंडिंगसारखी, पण पुढे उतरतानाही पिनाच. हलकी आहेत, चांगली आहेत, पण आम्ही त्यांना चढाईच्या रांगेत ठेवतो.

तुम्हाला ते हवं आहे का

आमचं मत स्पष्ट सांगतो, मग विक्री झाली नाही तरी चालेल. सहलीचे सातही दिवस गोंडोला आणि चेअरलिफ्टवर जाणार असतील, तर साधं उताराचं बाइंडिंग घ्या. स्वस्त आहे आणि बिघडण्यासारखं त्यात कमी आहे. रोज हजार-बाराशे मीटर चढायचं असेल तर हलकं पिन घ्या. हायब्रिड मधल्या माणसासाठी आहे : चार-पाच दिवस लिफ्टने वर जाणारा आणि एक-दोन दिवस, किंवा दिवसातला तास-दीड तास, पायी चढणारा.

गुलमर्गची रचना नेमकी अशी आहे, म्हणून हा प्रश्न तिथून येतो. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा 2005 पासून अफरवाट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे 3,900 मीटरच्या वर. यंत्राने दाबलेला उतार थोडाच. बाकी सगळा मोकळा डोंगर. वरच्या स्टेशनपासून थोडं आडवं चालत, थोडं चढत गेलं की शेजारच्या दऱ्यांची तोंडं उघडतात. ते थोडं चालणंच बूट घालून भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत रुतत करायचं, की स्कीखाली स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवून सरसर जायचं, इतकाच फरक. औलीला किंवा सोलांगला जाणाऱ्यांनी आधी आमच्याशी बोला. तिथलं गणित वेगळं पडतं.

एक गोष्ट बाइंडिंगच्या हातात नाही. गोंडोलाजवळच्या मुख्य उताराची पाहणी स्की पेट्रोल, म्हणजे उतारावरचं गस्ती पथक, करतं. हद्दीपलीकडच्या दऱ्यांची जबाबदारी कोणाचीच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवाटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, ते वापरता येणारे सोबती आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्याशिवाय तिकडे जाणार असाल, तर आम्ही चढाईचं सामान भाड्याने देत नाही. यावर वाद घालू नये.

बूट आधी, बाइंडिंग नंतर

आमच्याकडे सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. चढायचं असेल तर बुटाच्या चवड्याला पिनांची धातूची भोकं हवीतच. साध्या रिसॉर्टच्या बुटाला ती बहुधा नसतात. मग तळवा. उताराच्या बुटाचा सपाट तळवा आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) 5355 मध्ये बसतो, वळणदार रबरी ग्रिपवॉक 23223 मध्ये, चढाईच्या बुटाचा 9523 मध्ये. शिफ्टसारखं बाइंडिंग तिन्ही घेतं, पण आपोआप नाही. प्रत्येक बुटासाठी जबड्याची उंची स्क्रूने बसवावी लागते. आम्ही तळवा आणि त्याखालची सरकपट्टी यांच्यामध्ये कागदाचा तुकडा घालून ओढतो. अडकत अडकत निघाला तर ठीक. अलगद निघाला तर फट जास्त, फाटला तर बूट दाबला जातोय आणि पडल्यावर वेळेवर सुटणार नाही.

म्हणून कृपया असं करू नका : पुण्यात आमच्याकडून तुमच्या बुटावर बाइंडिंग बसवून घ्यायचं, मग तिथे गेल्यावर मित्राचा बूट मऊ लागतो म्हणून तो घालायचा. माप तेच असलं तरी तळव्याची लांबी तीच असेलच असं नाही. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ 305. ती आणि 26.5 हे बुटाचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर विचारलं की दहातले सात जण दुसरा आकडा सांगतात.

डिनचा आकडा

बाइंडिंग किती जोराला सुटावं हा तो आकडा. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्ता पाहून तो ठरतो. वय 50 किंवा जास्त असेल तर आकडा कमी होतो. पद्धतीच्या रकान्यात सगळेच पुरुष स्वतःला जोरदार लिहितात आणि वजनाच्या रकान्यात सगळेच लग्नाआधीचं वजन लिहितात. आमच्याकडे वजनकाटा आहे. मोठा डिन म्हणजे मोठा स्कीपटू नव्हे, गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र मोठी होऊ शकते.

खरेदीतही हे आडवं येतं. शिफ्ट 13 चा आकडा 6 पासून सुरू होतो. तुमचा आकडा साडेपाच आला तर ते तुमच्यासाठी नाही. 4 पासून सुरू होणारं शिफ्ट 10 घ्या. हलक्या अंगाच्या मुलींना दुकानदार सर्रास 13 देतात, कारण तेच शिल्लक असतं.

वर गेल्यावर

चढताना पुढची कळ चालण्याच्या लॉकमध्ये असते आणि त्या स्थितीत बूट सुटत नाही. उतरण्याआधी कळ बदललीच पाहिजे. घाईत विसरणारे पाहिले आहेत, आम्हीही त्यांत एकदा होतो. बदलण्याआधी पिनांच्या खाली आणि जबड्यात साचलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडा. तळवाही झटका. बर्फाचा गोळा मध्ये राहिला की कळ बंद झाल्यासारखी दिसते, झालेली नसते. मग बूट अडकवण्याआधी ब्रेक खाली आला आहे ना ते पाहा, आणि अडकवल्यावर जागेवर उभं राहून टाच दोन-तीनदा आपटा, पाय आडवा पिळून पाहा. सकाळी गोंडोलाच्या रांगेत हा सराव दहा वेळा करा. लोक बघतील, बघू द्या.

परत आल्यावर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. गंज काढणारा स्प्रे मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. आणि पावसाळ्यात माळ्यावर, पिशवीत बांधून ठेवू नका. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरात स्प्रिंग आणि कडांना जो गंज चढतो, तो काश्मीरच्या पाच हंगामांतही चढत नाही.

बाइंडिंग बसवायला स्कीला भोकं पाडावी लागतात आणि ती बुजवून पुन्हा जवळच पाडता येत नाहीत. म्हणून आधी फोन करून वेळ घ्या, निघण्याच्या आदल्या दिवशी येऊ नका. येताना स्की आणा आणि दोन्ही बूट आणा. "डावा-उजवा सारखाच आहे" म्हणून एकच बूट घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.