भाव उतरला, पी/ई मात्र तिथंच

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव बघून झाला की त्याच मोबाइलवर शेअरचा भाव बघणारे आता कमी नाहीत. त्यातल्या काहींकडे सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीचे शेअर २०२१ पासून आहेत, आणि 'आता स्वस्त झालाय' हे वाक्यही तेव्हापासूनचंच.

 

नोव्हेंबर २०२१ मध्ये १,१२५ रुपयांना विकलेला हा शेअर पहिल्याच दिवशी २,२०० च्या वर बंद झाला. कंपनीची बाजारकिंमत लाख कोटींच्या घरात, २०२०-२१ चा नफा सुमारे ६२ कोटी. किमतीला वर्षाच्या नफ्यानं भागलं की येतो तो पी/ई; इथं हा भागाकार सोळाशेच्या आसपास. एकराचा ठोका, म्हणजे जमिनीचं भाडं, वर्षाला वीस हजार धरला, तर या हिशेबानं त्या एकराला तीन कोटी वीस लाख मोजावे लागतील. बाजू घेणारे म्हणायचे, दुकानं, गोदामं, जाहिरात यांचा खर्च आज नफ्यातून जातो, म्हणून भाजक लहान दिसतो. यात तथ्य होतं, पण किती वर्षं, हे कुणी सांगत नव्हतं.

खरा गुंता पुढच्या नोव्हेंबरचा. एका शेअरला पाच बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे आणखी पाच फुकट, आणि तेही शेअर बाजारात येण्याआधीच्या गुंतवणूकदारांवरची विक्रीबंदी उठली त्याच दिवसांत. एक बाजू म्हणाली, लहान माणसाला शेअर परवडावा म्हणून. टीकाकारांचं म्हणणं असं की बोनसचे शेअर किती दिवस हातात आहेत ती मुदत शून्यापासून मोजली जाते, वर्षाच्या आत विकले तर अल्प मुदतीचा, म्हणजे जास्त, कर लागतो, म्हणजे विक्रीला आपोआप लगाम. मुहूर्त योगायोगानं निघाला, हे पटणं कठीण आहे. घोळ मात्र वहीत झाला. भाव एक षष्ठांश झाला, प्रति शेअर नफा जुनाच राहिला, आणि कागदावर पी/ई सहापट स्वस्त! नफ्यालाही सहानं भागायचं असतं, हे विसरलं गेलं.

२०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत बोनस जमेस धरूनही भाव पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून खाली होता. पण २०२२-२३ चा नफाही २१ कोटींच्या आसपास आला होता. वरचा आकडा घसरला, खालचाही घसरला, पी/ई हजाराच्या वरच.

भाजक बदलला की काय होतं, हे शेअर बाजाराच्या निर्देशांकानं, निफ्टीनंही दाखवलंय. ३१ मार्च २०२१ ला उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात झाली आणि पी/ई एका दिवसात ४० वरून ३३ वर आला. शेअर काही तेवढे उतरले नव्हते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच क्षेत्रातली दुसरी एक कंपनी ३२४ रुपयांना बाजारात आली. मागच्या वर्षी तोटा, त्यामुळे पी/ईच्या रकान्यात आडवी रेघ. मग एप्रिल-जूनचा नफा चारनं गुणून शंभराच्या आसपासचा आकडा फिरू लागला. ऑक्टोबरमधली सोयाबीनची आवक बारा महिने धरण्यातला तो प्रकार.