बिस्किट्स अँड ग्रेव्ही म्हणजे प्रोटीनचा नाश्ता? छे!

अमेरिकेच्या साउथमधला हा नाश्ता "सॉसेज आहे, दूध आहे, म्हणजे भरपूर प्रोटीन" असं म्हणून खपवतात, ते काय खरं नाही. ही बिस्किटं चहात बुडवायची नव्हेत हां, मैदा-बटर-ताकाचे मऊ खारे पावच समजा. आणि ग्रेव्ही कशी होते बघा, सॉसेज परतताना सुटलेली चरबी टाकत नाहीत, त्यातच मैदा भाजतात, मग दूध ओतून मिरपूड. 100 ग्रॅम कच्च्या पोर्क सॉसेजमधे प्रोटीन साधारण 15 ग्रॅम म्हणजे 60 कॅलरी, फॅट मात्र 25 ग्रॅमच्या आसपास म्हणजे 225! वर सॉसेजचं मीठ, बेकिंग पावडरचं सोडियम वेगळंच. चवीला भारी लागतं, मीपण खातो, पण प्रोटीनसाठी नाही.