प्रत्यार्पण की डिपोर्ट? सरकारला नेमकं कशासाठी धरायचं

२०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि पहाटे पीथमपुरात पोचले. आत युनियन कार्बाइडच्या कारखान्यात चाळीस वर्षं पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा होता. पीथमपूर कागदोपत्री धार जिल्ह्यात आहे, पण सकाळी राऊच्या रस्त्यावर उभं राहिलं की इंदूरची किती माणसं तिकडे कामाला जातात ते दिसतं. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झालं आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनअखेर तो कचरा जाळूनही झाला. पण त्या जानेवारीत इंदुरातल्या मराठी घरांमध्ये एक जुनाच प्रश्न वर आला. कार्बाइडचा कचरा आमच्या दारात आला, मग कार्बाइडचा अँडरसन का नाही आला? वॉरन अँडरसन म्हणजे १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेच्या वेळचा त्या कंपनीचा अमेरिकन अध्यक्ष.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत आणि रोज तीन पेपर वाचतात. ते म्हणाले, "त्या छोटा राजनला पंधरवड्यात आणलंच की नाही? मग अँडरसनला तीस वर्षांत का आणता येऊ नये? सरकारची इच्छाच नव्हती हो." यातलं शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. पहिल्या दोन वाक्यांत मात्र दोन निराळ्या गोष्टी एकाच पिशवीत पडल्या आहेत. राजनला इंडोनेशियाने डिपोर्ट केलं होतं आणि अँडरसनचं प्रत्यार्पण हवं होतं. पुढारी, चॅनेलवाले आणि आपण सगळेच ही सरमिसळ करतो. ती केली की सरकारला जिथे खरोखर धरायला हवं तिथे ते सहीसलामत सुटतं, आणि जिथे त्याचा दोष नसतो तिथे आपण घसा कोरडा करत बसतो.

आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. एखाद्या गुंडाला जिलाबदर करतात, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला तडीपार म्हणतात ते. प्रशासन आदेश काढतं की बाबा, आमच्या हद्दीत तू नकोस. त्याने पुण्यात काय केलं होतं याच्याशी त्या आदेशाला देणंघेणं नसतं. आता दुसरा प्रसंग बघा. पुण्याचे पोलीस गुन्ह्याचे कागद घेऊन इंदुरात येतात, माणसाला इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा करतात, ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला पुण्याला नेण्याची परवानगी, मागतात आणि मिळाला तरच घेऊन जातात. माणूस दोन्ही वेळा शहराबाहेर जातो. पण पहिल्या वेळी प्रश्न "हा इथे का राहतोय?" असा असतो, आणि दुसऱ्या वेळी "याच्यावर खटला चालवायला याला कोणाच्या ताब्यात द्यायचं?" असा.

देशांच्या पातळीवर पहिल्याला डिपोर्ट करणं म्हणतात. तो निर्णय सर्वस्वी यजमान देशाचा. व्हिसा संपला, पासपोर्ट खोटा निघाला, राहणं नकोसं झालं, एवढं कारण पुरतं. भारताने विनंती केली तरी ती विनंतीच राहते, हक्क होत नाही. प्रत्यार्पण दोन सरकारांमधल्या करारावर चालतं. भारताचे असे करार ४८ देशांशी आहेत आणि देशात त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं, पुरावा किंवा वॉरंट द्यावं लागतं, कोर्ट तपासतं, आणि कोर्टाने हो म्हटल्यावरही अखेरची सही सरकारचीच असते. राजकीय स्वरूपाचा गुन्हा असेल तर नकारही देता येतो. शिवाय ज्या गुन्ह्यासाठी माणूस आणला, त्याच्याखेरीज जुना दुसरा खटला त्याच्यावर सहसा चालवता येत नाही. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या आश्वासनावर. २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सरकारला बजावलं की तो शब्द पाळावा लागेल.

या दोहोंमधली रेघ आपल्याकडे स्पष्ट आखली ती १९५५ मध्ये. हान्स म्यूलर नावाच्या पश्चिम जर्मन माणसावर त्याच्या देशात वॉरंट होतं आणि जर्मन वकिलातीने ते आपल्या सरकारला कळवलं होतं. सरकारने प्रत्यार्पणाची वाट न धरता त्याला देशाबाहेर काढायचं ठरवलं आणि तोवर कलकत्त्यात अटकेत ठेवलं. म्यूलरचं म्हणणं होतं की हे मागच्या दाराने केलेलं प्रत्यार्पणच आहे. सुप्रीम कोर्टाचा निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, म्हणजे नागपूर हायकोर्टाचे पूर्वीचे मुख्य न्यायाधीश. परक्या नागरिकाला काढून देण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आहे, प्रत्यार्पणाची मागणी आली म्हणून तो बाद होत नाही, असं त्यांनी ठरवलं. पण सोबत एक गोष्ट नोंदवली. काढून दिलेला माणूस भारत सोडतो तेव्हा मोकळा माणूस म्हणून सोडतो. प्रत्यार्पणात तो कैदी म्हणून जातो. माझ्या मते एवढं एक लक्षात राहिलं तरी टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा ऐकायची गरज उरत नाही.

आता अँडरसन. राजन भारतीय नागरिक होता, परक्या भूमीवर आणि भलत्याच नावाच्या पासपोर्टवर. २०१५ च्या २५ ऑक्टोबरला बालीत पकडला गेला आणि ६ नोव्हेंबरला दिल्लीत उतरला. मधे ज्वालामुखीच्या राखेने विमानतळ बंद पडला नसता तर आणखी लवकर आला असता. अँडरसन अमेरिकन, राहायचा अमेरिकेत. आपल्याच नागरिकाला आपल्याच देशातून डिपोर्ट कोण करणार? तिथे प्रत्यार्पणाखेरीज दार नव्हतंच. म्हणून काकांची तुलना मुळातच लागू पडत नाही.

पण एक दिवस असा होता की दोन्हींची गरज नव्हती. ७ डिसेंबर १९८४ ला अँडरसन स्वतःच्या पायांनी भोपाळला आला होता. विमानतळावर त्याला अटक झाली आणि श्यामला हिल्सवरच्या कंपनीच्याच गेस्ट हाउसमध्ये ठेवण्यात आलं. त्याच दिवशी २५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका झाली. बोलावाल तेव्हा हजर होईन असं लिहून देऊन तो राज्य सरकारच्या विमानाने दिल्लीला गेला आणि तिथून मायदेशी. हजारो माणसं मेली होती, प्रेतं अजून मोजली जात होती. सरकारने जे केलं त्याला कायद्याच्या भाषेत काहीही म्हणा, परिणाम डिपोर्टसारखाच झाला. नको असलेला पाहुणा सन्मानाने हद्दीबाहेर नेऊन सोडला.

ते विमान कोणाच्या सांगण्यावरून उडालं, यावर २०१० मध्ये रण माजलं. त्या जूनमध्ये भोपाळच्या कोर्टाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा दिली आणि देशभर संताप उसळला. १९८४ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या अर्जुन सिंह यांनी राज्यसभेत बोट दिल्लीच्या गृहखात्याकडे दाखवलं, भाजपने काँग्रेसला धारेवर धरलं, आणि चिदंबरम यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाने नव्याने प्रत्यार्पण मागावं असं सुचवलं. गंमत अशी की हे सगळं भांडण विमानाचं होतं. प्रत्यार्पणाच्या फाइलवर काय झालं हे फारसं कोणी विचारलंच नाही.

त्या फाइलच्या तारखा बघा. सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं १९८७ च्या डिसेंबरात. भोपाळच्या कोर्टाने अँडरसनला फरार घोषित केलं १९९२ मध्ये. आणि भारताने अमेरिकेकडे प्रत्यार्पणाची रीतसर मागणी केली २००३ मध्ये. मधली अकरा वर्षं कुठलंही परकीय कोर्ट आड आलं नव्हतं. अमेरिकेशी नवा करार १९९७ मध्ये झाला हे खरं, पण तोवर करारच नव्हता हे खोटं. ब्रिटिश काळातला १९३१ चा करार चालूच होता. या अकरा वर्षांत दिल्लीत काँग्रेस होती, संयुक्त आघाडी होती, भाजपची आघाडी होती. म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला सगळे मोकळे आणि उत्तर द्यायला कोणी नाही.

पुढचं तर अधिकच खटकतं. २००१ मध्ये ॲटर्नी जनरल सोली सोराबजी यांनी मत दिलं की ही मागणी टिकणार नाही. २००२ मध्ये सीबीआयने अँडरसनवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप निष्काळजीपणावर उतरवावा असा अर्ज केला. भोपाळच्या मॅजिस्ट्रेटने तो फेटाळला. म्हणजे जो देश दुसऱ्या देशाला सांगणार होता की याचा गुन्हा गंभीर आहे, त्याचीच तपास यंत्रणा घरच्या कोर्टात सांगत होती की तितका गंभीर नाही. असा प्रस्ताव घेऊन गेल्यावर २००४ मध्ये अमेरिकेने कराराच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून नकार दिला, यात मला नवल वाटत नाही. अमेरिकेला आपला माणूस द्यायचा नव्हता हे उघड आहे, पण नकाराचं निमित्त आपण तयार करून ठेवलं होतं. २०१४ च्या सप्टेंबरात अँडरसन फ्लोरिडात वारला.

विजय मल्ल्याच्या बाबतीत तर भारत सरकारने दोन्ही दारं वाजवली, म्हणून ते प्रकरण फरक समजून घ्यायला फार सोयीचं आहे. २०१६ च्या मार्चमध्ये तो लंडनला गेला. एप्रिलमध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट रद्द केला आणि ब्रिटनला लिहिलं की याला डिपोर्ट करा. हिशेब असा की पासपोर्ट गेला, म्हणजे राहण्याचा आधार गेला. मे महिन्यात उत्तर आलं: आमच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे राहण्याची परवानगी चालू असेल तर पासपोर्ट वैध असण्याची गरज नाही, हवा असेल तर प्रत्यार्पण मागा. प्रत्यार्पणाची मागणी गेली २०१७ च्या फेब्रुवारीत. डिपोर्टच्या अर्जात तेव्हा टाळ्या मिळाल्या, पण तो अर्ज करताना ब्रिटनचा कायदा कोणी उघडून बघितला होता का, असा माझा साधा प्रश्न आहे.

प्रत्यार्पणाचा खटला मात्र आपल्या यंत्रणेने नेटाने लढवला, ते श्रेय द्यायला हवं. लंडनच्या न्यायाधीशांनी विचारलं की मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबरच्या बराकीत उजेड येतो का. फोटो पुरेनात, म्हणून भर दुपारी दिवे न लावता काढलेला व्हिडिओ मागवला. आपल्या जेलखात्याला खिडकीतून ऊन कुठवर येतं हे परदेशी कोर्टाला दाखवावं लागलं! अनेकांना हा अपमान वाटला. मला तसं वाटत नाही. माणूस कैदी म्हणून द्यायचा तर देणारा देश कोठडी बघणारच. २०१८ च्या डिसेंबरात कोर्टाने होकार दिला, २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी सही केली, २०२० मध्ये अपील संपलं. त्यानंतरची अडवणूक ब्रिटनच्या बाजूची आहे. तिचा ठपका दिल्लीवर ठेवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोणतंही दार न वाजवता माणूस सोपवला तर काय होतं, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. ८ जुलै १९१० ला सावरकर मार्सेलिसच्या किनाऱ्यावर पोचले, पण फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केलं. ना अर्ज, ना सुनावणी. फ्रान्समध्ये गदारोळ झाला, तिथल्या सरकारने माणूस परत मागितला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ चा निर्णय असा: सोपवण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनवर परत करण्याचं बंधन नाही. एकदा माणूस हातातून गेला की नंतरचा कायदा त्याला परत आणत नाही. १९८४ च्या त्या विमानालाही हे तितकंच लागू आहे.

सध्या पारडं फिरलंय. आता मागणारा बांगलादेश आहे आणि उत्तर द्यायचंय आपल्याला. शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला भारतात आल्या. त्या डिसेंबरात ढाक्याने त्यांची मागणी केली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. दोन्ही देशांमधला करार २०१३ मध्ये ढाक्यात झाला आणि आपल्या बाजूने त्यावर सही केली ती तेव्हाचे गृहमंत्री, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात पुरावा जोडण्याचीही गरज उरली नाही, वॉरंट पुरतं. पण राजकीय गुन्ह्याचा अपवाद आहे, खून त्या अपवादात बसत नाही असंही लिहिलंय, आणि मागणी न्यायाच्या हेतूने केलेली नाही असं वाटलं तर नकाराचीही सोय आहे.

इथेही "पाठवून द्या" आणि "पाठवू नका" अशा दोन आरोळ्या आहेत, आणि दोघांच्या मनात डिपोर्ट आहे की प्रत्यार्पण हे त्यांचं त्यांनाच स्पष्ट नाही. परक्या नागरिकाला निघून जायला सांगणं सरकारच्या अखत्यारीत आहे, ते उद्याही सांगता येईल, आणि त्या ढाक्याऐवजी तिसऱ्याच देशात गेल्या तरी चालेल. ढाक्याच्या हाती सोपवायचं तर १९६२ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी लागेल. ती चौकशी सुरू करायची की नाही हे मात्र कोर्ट ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. मल्ल्याच्या बाबतीत दिल्लीला "लंडनच्या कोर्टात आहे" असं म्हणता येत होतं. इथे तशी सोय नाही. द्यायचं नाही असं सरकारने ठरवलं असेल तर त्याला करारात जागा आहे आणि मला स्वतःला तो नकार समजण्यासारखा वाटतो. पण तो नकार लिहून, कराराच्या कुठल्या कलमाखाली ते सांगून द्यायला हवा. "मागणी तपासत आहोत" या उत्तरावर संसदेत पुढचा प्रश्न विचारायचा झाला तर तो हाच, की १९६२ च्या कायद्याच्या कलम ५ खाली चौकशीचा आदेश काढायचा नाही असं ठरलं आहे का, आणि ठरलं असेल तर कोणत्या तारखेला.