गव्हर्नर-जनरलची नेमणूक (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाचा राजा आणि ब्रिटनचा राजा ही एकच व्यक्ती असते आणि ती राहते लंडनला. त्यामुळे संसदेने मंजूर केलेल्या विधेयकांना संमती देणे, संसद बोलावणे व विसर्जित करणे, मंत्र्यांना शपथ देणे ही कामे राजाच्या वतीने कॅनबेरातील गव्हर्नर-जनरल करतो. त्याची नेमणूक राजा करतो, असे राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे. नाव कोणी सुचवायचे, कोणाशी चर्चा करायची, पात्रता काय असावी, याबद्दल मात्र घटनेत अक्षरही नाही. प्रत्यक्षात ही निवड पंतप्रधान करतो. संसदेत मतदान होत नाही आणि मंत्रिमंडळाला विचारण्याचेही बंधन नाही. मुदतही लिहिलेली नाही. राजाची मर्जी असेतो पद राहते आणि प्रथेने हा काळ साधारण पाच वर्षांचा मानला जातो.

पंतप्रधानाचे मन ठरले की राजाच्या कार्यालयाशी खासगीत बोलणे होते. मग औपचारिक शिफारस जाते, राजा नेमणुकीच्या सनदेवर सही करतो आणि तिच्यावर पंतप्रधानाचीही सही असते. शपथविधी कॅनबेरात सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ गृहाच्या, सभागृहात होतो, शपथ सरन्यायाधीश देतात. एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. तिसऱ्या कलमानुसार पदावर असेपर्यंत गव्हर्नर-जनरलचा पगार बदलता येत नाही. म्हणून नवी व्यक्ती येण्याआधीच संसदेला पगाराचा आकडा कायद्याने ठरवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये सॅम मॉस्टिन यांनी सूत्रे घेतली, त्याआधी वार्षिक पगार ७,०९,०१७ ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आला आणि त्यावर बरीच टीका झाली. नेमणुकीशी संबंधित एवढी एकच गोष्ट संसदेसमोर उघडपणे चर्चेला येते.

पंतप्रधानाचा हा अधिकार सहज मिळालेला नाही. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले, त्यानंतर सुमारे तीन दशके लंडनच्या सरकारच्या सल्ल्याने ब्रिटिश उमराव आणि राजकारणी या पदावर येत राहिले. १९२६ च्या साम्राज्य परिषदेने (ब्रिटन व साम्राज्यातील स्वायत्त देशांच्या सरकारप्रमुखांची बैठक) स्पष्ट केले की गव्हर्नर-जनरल हा ब्रिटिश सरकारचा नव्हे, राजाचा प्रतिनिधी आहे. मग राजाला सल्ला कोणी द्यायचा, हा प्रश्न उरला. १९३० मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स स्कलिन यांनी सरन्यायाधीश आयझॅक आयझॅक्स यांचे नाव पुढे केले. मेलबर्नमध्ये जन्मलेले, पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरिताचे चिरंजीव असलेले आयझॅक्स तेव्हा ७५ वर्षांचे होते. राजे पाचवे जॉर्ज यांना ही निवड मुळीच पसंत नव्हती. त्यांच्या मनात फील्ड मार्शल विल्यम बर्डवुड यांचे नाव होते. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीत अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, सैन्याचे नेतृत्व केलेले आणि नंतर भारताचे सरसेनापती झालेले हे बर्डवुड १८६५ साली पुण्याजवळच्या खडकीत जन्मले होते.

१९३० च्याच साम्राज्य परिषदेत ठरले की अशा नेमणुकीत राजाने त्या त्या देशाच्या मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागावे. २९ नोव्हेंबर १९३० रोजी स्कलिन राजांना भेटले. स्थानिक माणूस राजकारणात गुंतलेला असतो, हा राजांचा आक्षेप होता. केवळ ऑस्ट्रेलियन आहे म्हणून कोणाला डावलता येणार नाही, हे स्कलिन यांचे म्हणणे होते. स्थानिक माणूस नेमल्याचा आयरिश फ्री स्टेटचा (तेव्हाचे स्वायत्त आयर्लंड) दाखलाही त्यांच्या हाताशी होता. राजांनी नाइलाजाने मान्यता दिली. नेमणूक स्कलिन यांच्या शिफारशीवरून झाल्याचे निवेदनात मुद्दाम नमूद केले गेले. नाराजी दाखवण्यासाठी घातलेल्या या शब्दांनीच पंतप्रधानाचा हक्क जगजाहीर केला.

पुढे भारतालाही हीच वाट उपयोगी पडली. माउंटबॅटन गेल्यावर जून १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल झाले, ते नेहरू सरकारच्या शिफारशीवरून. आधीच्या व्हाइसरॉयची निवड ब्रिटिश मंत्रिमंडळ करत असे. स्वतः ऑस्ट्रेलियाने मात्र आयझॅक्स यांच्यानंतरही अनेकदा ब्रिटिशांकडेच पद दिले. १९६५ मध्ये रिचर्ड केसी आले, तेव्हापासून हे पद सलग ऑस्ट्रेलियनांकडे आहे. केसी हे फाळणीपूर्व बंगालचे गव्हर्नर राहिले होते.

या पद्धतीतले खरे दुखणे उघड झाले १९७५ मध्ये. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी न्यू साउथ वेल्सचे मुख्य न्यायाधीश जॉन कर यांना १९७४ मध्ये या पदावर बसवले होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये विरोधकांच्या ताब्यातील सिनेटने सरकारचे खर्चमंजुरीचे विधेयक रोखले आणि पेच निर्माण झाला. ११ नोव्हेंबरला दुपारी व्हिटलम यारालुम्ला येथील गव्हर्नर-जनरलच्या निवासस्थानी गेले. अर्ध्या सिनेटची निवडणूक घ्यावी, असा सल्ला देणारे पत्र त्यांच्याजवळ होते. कर यांनी त्यांच्या हाती बडतर्फीचे पत्र ठेवले. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर तेव्हा त्याच वास्तूत दुसऱ्या खोलीत थांबलेले होते. थोड्याच वेळात त्यांचा हंगामी पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला.

कर यांनी आधी इशारा का दिला नाही, याचे उत्तर नेमणुकीच्या रीतीतच आहे. ज्याच्या शिफारशीने पद मिळते, त्याच्याच शिफारशीने ते जातेही. व्हिटलम यांना चाहूल लागली असती तर त्यांनी राणीला कळवून आपल्यालाच काढले असते, ही भीती कर यांना होती. ती निराधार नव्हती. २०२० मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर त्यांचा राजवाड्याशी झालेला दोनशेहून अधिक पत्रांचा व्यवहार खुला झाला. त्यात राणीचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांनी लिहिले आहे की अशी मागणी आली तर राणीला ती अजिबात रुचणार नाही, पण अखेर पंतप्रधानाचा सल्ला मानण्यावाचून तिला गत्यंतर नसेल. म्हणजे पंतप्रधान आणि गव्हर्नर-जनरल हे दोघेही एकमेकांना काढू शकत होते आणि जो आधी हालचाल करील तो जिंकणार होता. लोकशाहीच्या दोन सर्वोच्च पदांमध्ये अशी शर्यत शक्य असणे हा या व्यवस्थेचा गंभीर दोष आहे आणि तो आजही लेखी नियमाने दूर झालेला नाही.

६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात राजपदाऐवजी राष्ट्राध्यक्ष आणण्याचा प्रस्ताव होता. त्याची नेमणूक संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताने व्हायची होती. सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. विरोधकांत राजनिष्ठ होतेच, शिवाय अध्यक्ष थेट जनतेने निवडावा असा आग्रह धरणारे प्रजासत्ताकवादीही होते.

इतर देशांनी पंतप्रधानाचा हात बांधण्याचे प्रयत्न केले आहेत. कॅनडात २०१० मध्ये नाव शोधण्यासाठी सल्लागार समिती नेमली गेली. २०१७ मध्ये मात्र ज्युली पेएट यांची निवड तशा समितीविना झाली आणि कार्यालयातील वागणुकीच्या चौकशीनंतर जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मेरी सायमन यांच्या निवडीसाठी पुन्हा समिती आली. पापुआ न्यू गिनी याच्याही पुढे गेला आहे. तिथे गव्हर्नर-जनरलची निवड संसद गुप्त मतदानाने करते आणि राजाकडे तेच नाव पाठवावे लागते. २०१० मध्ये पॉलियास मटाने यांची फेरनिवड गुप्त मतदान न घेता झाली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. संसदेला पुन्हा निवडणूक घ्यावी लागली आणि २०११ मध्ये मायकेल ओगिओ निवडून आले.