प्रकाशतंतू ट्रान्सीव्हर : सर्किट बोर्डावरील मांडणी व हाताळणी

विद्युत् संकेताचे प्रकाशात आणि तंतूतून आलेल्या प्रकाशाचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करणारा, सर्किट बोर्डावर बसवला जाणारा जोडघटक. एकाच आवरणात प्रेषक व ग्राही असे दोन भाग असतात. प्रेषकात एलईडी किंवा लेसर व त्याला प्रवाह पुरवणारे मंडल असते. ग्राहीत फोटोडायोड, त्याला चिकटूनच ट्रान्सइंपिडन्स प्रवर्धक (सूक्ष्म प्रवाहाचे व्होल्टेज करणारा) आणि पुढे मर्यादक प्रवर्धक (लहानमोठा संकेत ठरावीक उंचीला आणणारा). काचेच्या तंतूंसाठी ८५०, १३१० व १५५० नॅनोमीटर, तर प्लास्टिकच्या तंतूसाठी ६५० नॅनोमीटर या तरंगलांबी रूढ आहेत.

काचतंतूतून दूरवर संदेशवहन शक्य आहे, हे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. नऊ पिनांची एकच रांग असलेले, थेट सोल्डर करायचे ‘१×९’ मॉड्यूल १९९० च्या दशकात रुळले. एफडीडीआय व एटीएम (बँकेचे यंत्र नव्हे, संदेशवहनाची पद्धत) या दोन्ही प्रकारच्या संगणक-जाळ्यांसाठी याच आकाराची मॉड्यूले निघाली, त्यामुळे त्याचा जन्म एका जाळ्याच्या नावावर लावणे योग्य वाटत नाही. पुढे चालू यंत्रात घालता-काढता येणारे जीबीआयसी आणि त्याहून लहान एसएफपी हे मॉड्यूल-प्रकार आले. एसएफपीचे वर्ष कुठे २०००, तर कुठे २००१ दिलेले आढळते. एसएफपीचा आकार व जोडणी ठरवणाऱ्या उत्पादकांच्या करारावर सप्टेंबर २००० ही तारीख आहे. तोच मजकूर एसएफएफ या मानके ठरवणाऱ्या समितीच्या क्रमांकासह मे २००१ मध्ये निघाला. करार मूळ मानून येथे २००० हे वर्ष ग्राह्य धरले आहे.

मांडणीतील बहुतेक नियमांचे मूळ ग्राहीच्या दुबळ्या संकेतात आहे. १००० बेस-एसएक्स या १९९८ च्या इथरनेट प्रकारात ग्राहीने उणे १७ डीबीएम, म्हणजे सुमारे २० मायक्रोवॉट प्रकाशही ओळखायला हवा. फोटोडायोड दर वॉटला साधारण अर्धा अँपिअर देतो असे धरले, तर हाती येतो १० मायक्रोअँपिअर प्रवाह. त्याच आवरणात, काही मिलिमीटरांवर, प्रेषकाचा मिलिअँपिअरमध्ये मोजला जाणारा प्रवाह सतत चालू-बंद होत असतो. म्हणून दोन्ही भागांच्या वीजवाहिन्या वेगळ्या गाळून घेतात. एसएफपी करारात ३.३ व्होल्टच्या प्रत्येक वाहिनीसाठी १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणि ०.१ व १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सुचवले आहेत. इंडक्टरचा रोध १ ओहमपेक्षा कमी असावा, ही त्यातली अट सहज नजरेआड होते. रोध जास्त असेल तर पिनेपाशी पोहोचेपर्यंत व्होल्टेज घसरते. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिनेला लागूनच हवा.

संकेताच्या जोडरेषा (परस्परविरुद्ध संकेत नेणाऱ्या दोन रेषा) १०० ओहम प्रतिबाधेच्या, समान लांबीच्या व अखंड ग्राउंड थरावरून नेलेल्या असाव्यात. जुन्या १×९ मॉड्यूलांत पीईसीएल या जलद तर्कमंडलांच्या व्होल्टेज-पातळ्या असल्याने टोकाचे रेझिस्टर व कपलिंग (स्थिर व्होल्टेज अडवून फक्त संकेत पुढे देणारे) कपॅसिटर बोर्डावर द्यावे लागतात. एसएफपीत हे कपॅसिटर मॉड्यूलच्या आतच असतात. सवयीने बोर्डावर आणखी एक जोडी दिली, तर दोन कपॅसिटर एकामागे एक येऊन परिणामी धारिता कमी होते आणि एकसारख्या बिटांच्या लांब मालिकेत पातळी सरकू लागते. प्रकाश नसताना मर्यादक प्रवर्धक स्वतःचाच गोंगाट पूर्ण उंचीने बाहेर देऊ शकतो; त्यामुळे पुढच्या मंडलाने ‘एलओएस’ हा प्रकाश हरपल्याची सूचना देणारा संकेत वाचणे अगत्याचे आहे. एसएफपीत तो ओपन कलेक्टर असतो, म्हणजे रेषा फक्त खाली ओढू शकतो; म्हणून ती वर ओढणारा ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर बोर्डावरच द्यायचा असतो.

एसएफपी ज्यात सरकवतात तो धातूचा पिंजरा व संकेत-ग्राउंड कसे जोडावेत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. एका मतानुसार चॅसी-ग्राउंड (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले) संपूर्ण अलग ठेवून एकाच बिंदूत जोडावे, म्हणजे स्थिरविद्युतेचा झटका संकेताच्या वाटेला जात नाही. दुसरे मत असे की, गिगाहर्ट्झच्या पल्ल्यात तो एकुलता बिंदू इंडक्टरसारखा वागतो आणि ग्राउंडमधील फट अँटेनाचे काम करते. पुष्कळ एसएफपी मॉड्यूलांत आवरण व संकेत-ग्राउंड आतून अलग असतात, त्यामुळे निवड बोर्ड आखणाऱ्याच्याच हाती राहते. जोडरेषांखालचा थर कुठेही न कापता, पिंजऱ्याखालची चॅसी-पट्टी अनेक ठिकाणी कपॅसिटरांनी जोडणे, हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. पिंजऱ्याच्या स्प्रिंगपट्ट्या मात्र समोरच्या धातूच्या पॅनेलला सर्व बाजूंनी टेकल्याच पाहिजेत.

सोल्डर होणाऱ्या मॉड्यूलच्या तोंडात उत्पादकाने दिलेले बूच वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणे) व धुलाई संपेपर्यंत काढू नये. सोल्डरिंगला लागणाऱ्या फ्लक्सचा थेंब आत गेला, तर तो भिंगावरच सुकतो. अ‍ॅसिटोन, क्लोरोफॉर्म यांसारखे द्रावक प्लास्टिकला घातक असल्याने वर्ज्य. आयसोप्रोपिल अल्कोहोल सहसा चालते. मॉड्यूल हाताळताना स्थिरविद्युत् वाहून नेणारा मनगटपट्टा बांधलेला असावा. एकरीती (प्रकाश एकाच मार्गाने नेणाऱ्या) तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा असतो, म्हणून धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. जोडण्यापूर्वी दोन्ही टोके सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पुसावीत. ८५० नॅनोमीटर व त्यापुढचा प्रकाश व्यवहारात डोळ्यांना दिसत नाही. मॉड्यूल लेसर-सुरक्षिततेच्या वर्ग १ चे असले, तरी चालू तंतूच्या टोकाशी भिंग धरून पाहणे टाळावे. वापरात नसलेल्या तोंडावर टोपी ठेवावी.