क्लब फ्रॉम नोव्हेअर

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्कारासाठी खाद्यपदार्थ विकून निधी उभारणारा कृष्णवर्णीय स्त्रियांचा गट. संस्थापक जॉर्जिया गिलमोर (१९२०–१९९०).

बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्याबद्दल १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून सुरू झालेला बहिष्कार ३८१ दिवस टिकला. एवढा काळ लोकांना कामावर ने-आण करायची तर गाड्या, पेट्रोल, विमा यांचा खर्च रोजचाच होता. गिलमोर आणि त्यांच्या सोबतिणी घरी तळलेल्या कोंबडीचे सँडविच, मासे, केक, रताळ्याचे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) बनवत आणि सभांना, केशकर्तनालयांत, ब्यूटी पार्लरमध्ये विकत. होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमधील सभेत गिलमोर जमलेली रक्कम जाहीर करत, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होई. शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स यांचा ‘फ्रेंडली क्लब’ होता. जास्त पैसा कोण जमवतो, यावर दोन्ही गटांत चुरस असे.

सदस्यांपैकी अनेकजणी गोऱ्यांच्या घरी मोलकरणी वा स्वयंपाकिणी होत्या. नाव फुटले की नोकरी गेलीच. म्हणून कोणी काय रांधले आणि कोणी पैसे दिले, हे एकट्या गिलमोर यांनाच माहीत असे. पैसा कुठून आला असे विचारले, तर उत्तर ठरलेले: ‘फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनही नाही’. पुढाऱ्यांची भाषणे इतिहासात नोंदली गेली, या बायकांची नावे मात्र बहुतांशी कायमची हरवली, आणि ही उणीव भरून येण्यासारखी नाही.

गिलमोर स्वतः मात्र उघडपणे पुढे आल्या. बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील १९५६ च्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली: भाडे घेतल्यावर चालकाने त्यांना उतरून मागच्या दाराने चढायला सांगितले आणि त्या उतरताच बस पुढे नेली. यानंतर त्यांची उपाहारगृहातील नोकरी गेली. किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी घरातच खाणावळ चालवली. भरलेल्या पोर्क चॉप्स, चवळी, कॉलर्डची पालेभाजी खायला तिथे काळे आणि गोरे एकाच टेबलाला बसत. शहराचे कायदे वर्णभेदाचे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्यांचा मुलगा गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या ओक पार्कमधून जात असताना १९५७ मध्ये पोलिसांनी त्याला मारहाण केली. गिलमोर यांनी पुढच्या वर्षी उद्यानांतील वर्णभेदाविरुद्ध दावा लावला. तो १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्णभेदी खासगी शाळांना सार्वजनिक उद्याने केवळ त्यांच्या वापरासाठी देण्यास शहराला मनाई झाली.