ओपन टॉप कंटेनर : कोणाला मिळतो, कागद कोणते लागतात

नागपुरात बनलेली जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात. उद्या हिंगणघाट-वणीकडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला गाठी बांधायच्या प्रेसची ऑर्डर आली, तर पहिली अडचण हीच की हे धूड कंटेनरच्या दारातून आत जायचं कसं. अशा वेळी लोक एजंटाला भाव विचारत बसतात. आधी टेप काढून माल मोजा. उंच मालासाठी वरून उघडा असलेला ओपन टॉप कंटेनर मिळतो.

४० फुटी ओपन टॉपला पत्र्याचं छप्पर नसतं. वर काढता येणाऱ्या आडव्या कमानी आणि त्यावर ताडपत्री. दारावरची आडवी पट्टीही बाजूला होते, त्यामुळे हायड्राने किंवा क्रेनने माल थेट वरून आत सोडता येतो. आतली लांबी साधारण १२ मीटर, रुंदी २.३५ मीटर. माल उंचीला जास्त असेल तर तो वर डोकावला तरी चालतो. पण बाजूच्या भिंती पक्क्या असतात, म्हणून रुंदी किंवा लांबी जास्त झाली की ओपन टॉपचा नाद सोडायचा आणि फ्लॅट रॅक, म्हणजे बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेला कंटेनर बघायचा. माल बुटका पण वजनदार असेल तर २० फुटी पुरतो. किती वजन चालतं ते दारावर लिहिलेलं असतं.

हा कंटेनर घ्यायला वेगळा परवाना नाही. निर्यातदार म्हणून तुमची नोंद हवी, म्हणजे आयईसी. तो पॅनवर मिळतो, अर्ज डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि आधारवरची ई-सही एवढ्यावर काम होतं. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये काही बदल नसला तरी माहिती कायम असल्याचं नोंदवावं लागतं, नाहीतर कोड बंद पडतो. हे विसरणारे बरेच. त्यानंतर बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक, कस्टम्सकडे नोंदवायचा, आणि निर्यातीवरचा जीएसटी (आयजीएसटी) न भरता माल पाठवायचा असेल तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, जीएसटी पोर्टलवर भरायचं.

बुकिंगच्या वेळी जहाज कंपनीला मालाचं ड्रॉइंग द्या. लांबी, रुंदी, उंची, वजन, गुरुत्वमध्य आणि उचलायचे हूक कुठे आहेत ते त्यात हवं, सोबत फोटो. माल छताच्या पातळीच्या आत असेल तर फारशी चौकशी होत नाही. वर निघत असेल तर वेगळी मंजुरी लागते आणि भाडंही चढतं, कारण त्या कंटेनरवर दुसरा ठेवता येत नाही, ती रिकामी जागाही तुमच्याच बिलात येते. म्हणून मला विचाराल तर प्रेसचा वरचा भाग नटबोल्टने सुटा होईल असं डिझाइन सुरुवातीलाच करा. दोन दिवसांचं जादा काम परवडतं.

बाकी कागद नेहमीचेच : इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल, सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटामार्फत शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद). भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे. लाकडी ठोकळे वापरलेत तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का हवा. आपल्याकडच्या आरागिरणीतले बिनशिक्क्याचे ठोकळे तिकडच्या बंदरावर अडकतात.

रस्त्याचंही बघा. ट्रेलरवर चढलेला उंच माल नियमाच्या मापाबाहेर गेला की ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची परवानगी काढावी लागते, रेल्वेने न्यायचा तर रेल्वेची वेगळी मंजुरी. गावातून हायवेपर्यंत विजेच्या तारा किती खाली लोंबतात आणि रेल्वे फाटकाच्या आडव्या खांबावर कोणती उंची लिहिली आहे, ते मोटरसायकलवरून एक चक्कर मारून मोजून या.

कंटेनर दारात आला की माल भरण्याआधी एकाला आत उभं करा आणि ताडपत्री ओढून घ्या. जिथून उजेड दिसतो, तिथूनच पाणी येणार. भोक दिसलं तर फोटो काढून तो कंटेनर परत पाठवा.